तुरुंगातून परत आलेली बाई आणि आपला गट
(अभ्यास पाठ : गटाच्या आणि ग्रामसंघाच्या बैठकीत वाचण्यासाठी)



या वेळचा पाठ शेळीपालनाचा नाही आणि पापड-मसाल्याचाही नाही. विषय जरा अवघड आहे. म्हणून हजेरी, बचत, परतफेड हे सगळं आधी उरकून घ्या आणि मग वाचायला बसा. वाचणारीनं मध्ये मध्ये थांबावं, कारण बायका बोलणार. एका बैठकीत नाही संपलं तर दोन घ्या.

आधी एक प्रसंग सांगते. केंदूर भागातल्या एका गटाची बैठक होती. गटाचं नाव सांगत नाही, बाईचंही नाही. कांद्याची काढणी चालू होती म्हणून बैठक संध्याकाळी ठेवली होती, देवळाच्या सभामंडपात. मी हिशेब तपासायला गेले होते. बैठक अर्ध्यावर आली आणि मंडपाच्या पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली. पूर्वी याच गटात होती. बांधावरच्या भांडणात एक जण जबर जखमी झाला, घरातल्या चौघांवर केस झाली, त्यात हिचंही नाव आलं. शिक्षा लागली. चार वर्षांनी परत आली होती. ती एवढंच म्हणाली, "मला परत बचत भरायची हाय. घेता का?"

कुणी काही बोललं नाही. मग अध्यक्षताई म्हणाल्या, "ये, बस आधी." ती बसली नाही. "तुम्ही ठरवा, मी उद्या येते," म्हणून निघून गेली.

ती गेल्यावर मात्र सगळ्या एकदम बोलायला लागल्या. "बँकवाले काय म्हणतील?" "आपल्या गटाचं नाव खराब व्हायचं बाई." "माझ्या पोरीचं जमवायचं चाललंय, उगंच लोक बोलतील." एक वहिनी म्हणाली, "ती काय वाईट नाही हो, पण एकदा आत जाऊन आलं की माणूस बदलतं." यातलं एकही वाक्य मी खोडून काढलं नाही. मलाही तेच वाटत होतं.

मग गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशी बोलल्या. त्या बैठकीत सहसा बोलत नाहीत, अंगठा करतात आणि बसतात. त्यांनी विचारलं, "तिची मागची बचत कुठंय?"

रजिस्टर काढलं. महिना शंभर रुपयांनी ३४ महिने, म्हणजे ३,४०० रुपये तिच्या नावावर होते. ती आत गेल्यावर गटानं तिचं नाव खोडलं होतं, पैसे मात्र कुणाला दिले नव्हते. तिच्या सासूला नाही, पोरांनाही नाही. चार वर्षं ते पैसे आपण एकमेकींना कर्जाऊ देत होतो आणि त्याचं व्याजही वाटून घेत होतो. मी तीन वेळा ते रजिस्टर तपासलं होतं, तीन वेळा सही केली होती. आणि त्याच काळात तिच्या थोरल्या मुलीनं दहावीनंतर शाळा सोडली होती, कारण अकरावीला रोज एसटीचा खर्च कोण देणार.

हा पाठ मी त्या दिवसामुळे लिहिते आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपण सरसकट म्हणतो, "तो आत जाऊन आला." पण आत जाण्याचे प्रकार आहेत, आणि कोणत्या प्रकारानं गेला यावर पुढचं सगळं ठरतं.

अटक झाली, कोर्टानं तुरुंगात पाठवलं, पण खटल्याचा निकाल अजून लागला नाही, तो न्यायाधीन बंदी. गावात याला कच्चा कैदी म्हणतात. निकाल लागून शिक्षा झाली तो सिद्धदोष बंदी, म्हणजे पक्का कैदी. आता हे लक्षात ठेवा : आपल्या देशातल्या तुरुंगांत दर शंभर माणसांमागे सुमारे पंच्याहत्तर माणसं कच्ची कैदी आहेत. त्यांनी गुन्हा केला की नाही हे कोर्टानं अजून सांगितलेलंच नाही. त्यातले कितीतरी पुढे निर्दोष सुटतात. गाव मात्र निकालाची वाट बघत नाही.

जामिनावर सुटलेला माणूस म्हणजे सुटका झालेला माणूस नव्हे, त्याचा खटला चालू असतो. पक्क्या कैद्याला काही दिवस घरी येता येतं, त्याला संचित रजा आणि अभिवचन रजा म्हणतात (फर्लो आणि पॅरोल हे शब्द तुम्ही ऐकले असतील). असा माणूस दारात दिसला की "पळून आला का काय" अशी कुजबुज सुरू होते. ती सरकारी रजा असते, मुदत संपली की तो स्वतः परत जातो.

तुरुंगात बायका कमी असतात. शंभरात चारच्या आसपास. म्हणून आपल्याला वाटतं हा पुरुषांचा विषय. पण पुरुष आत गेला की बाहेर घर कोण चालवतं? वकिलाकडे चकरा कोण मारतं, भेटीच्या दिवशी डबा बांधून येरवड्याला कोण जातं? आणि बाई आत गेली तर पुरुष भेटायला जातोच असं नाही. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तसे निर्देश दिलेले आहेत. त्याहून मोठी पोरं आजी नाहीतर मावशी सांभाळते.

येरवड्यात काय चालतं

आपल्याकडून नगर रस्त्यानं पुण्याकडे निघालं की शिक्रापूर, वाघोली, खराडी आणि पुढे येरवडा. तिथलं मध्यवर्ती कारागृह १८७१ सालचं आहे. महात्मा गांधी तिथं होते, १९३२ चा पुणे करार तिथंच झाला. त्यांनी पेटीचरख्यावर केलेल्या कामामुळे त्या चरख्याला येरवडा चक्र असं नावही पडलं. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांची नावं आपण शाळेच्या भिंतीवर रंगवतो, ते वेगळं. पण तीच इमारत आहे.

आत कारखाने आहेत. सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, चामड्याचं काम. बंद्यांनी केलेलं फर्निचर आणि कपडे बाहेर विकायला ठेवतात. महिलांचं कारागृह वेगळं आहे. खुलं कारागृह आहे, तिथले बंदी शेती करतात. कारागृहाच्या पेट्रोल पंपावर तेल भरायलाही बंदी असतात, तुमच्यातल्या कुणीतरी तिथं गाडीत पेट्रोल भरलंही असेल, लक्षात आलं नसेल. कामाची मजुरी मिळते. बाहेरच्या मजुरीच्या मानानं ती फारच कमी आहे, हे सांगायलाच हवं, पण ती बंद्याच्या खात्यावर जमा होते आणि घरी पाठवता येते.

शिक्षणाचीही सोय आहे. निरक्षरांसाठी वर्ग आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ यांची अभ्यास केंद्रं राज्यातल्या कारागृहांत चालतात. परीक्षा पास झाली तर शिक्षेतले काही दिवस माफ होतात. म्हणजे पुस्तक वाचलं तर घरी लवकर जाता येतं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

अडचण पुढे आहे. आत शिवणकाम शिकलेली बाई बाहेर येते तेव्हा तिच्याकडे मशीन नसतं, दुकान नसतं आणि कपडा शिवायला टाकणारं गिऱ्हाईक नसतं. हात शिकलेले असतात, पण त्या हातात आपलं कापड द्यायला कुणी तयार नसतं.

आटपाडीची वसाहत

हा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात फार जुना आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली, इंग्रजांच्या काळात, औंध संस्थानच्या राजानं, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ती सुरू केली. कल्पना होती मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनिअरची. हा माणूस गांधीजींच्या मागे लागून इथलाच झाला, भारतानंद म्हणून ओळखला जाई. त्याचं म्हणणं असं, की खून केलेल्या माणसालाही मोकळ्या रानात, बायकापोरांसह ठेवा, जमीन कसायला द्या, भिंत घालू नका.

लोकांना ते वेडेपणाचं वाटलं असणार. पण वसाहत उभी राहिली. बंदी कुटुंबासह राहिले, शेती केली, आठवडी बाजारात जाऊन माल विकला, संध्याकाळी परत आले. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा सिनेमा त्याच वसाहतीवरून सुचला. कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, ते त्याच भागातले, माडगूळचे. सिनेमा म्हाताऱ्या बायकांनी पाहिलेला असतो, विचारून बघा.

स्वतंत्रपूर अजून चालू आहे. यातून मला आपल्या गटासाठी एकच गोष्ट घ्यावीशी वाटते : तिथं बंद्याला घरच्यांपासून तोडलं नाही आणि हातातलं काम त्याच्याच जबाबदारीवर दिलं. आपण गावात नेमकं उलटं करतो. शिक्षा भोगून आलेल्याला घरच्यांपासूनही तोडतो आणि कामापासूनही.

कर्जाचं गणित

आता आपल्या आवडीचा विषय. १ मे २०२२ ला येरवडा कारागृहात 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू झाली. कर्ज देते महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. कुणाला? तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला. रक्कम ५० हजारांपर्यंत, व्याज वर्षाला ७ टक्के. तारण नाही, जामीनदार नाही. हप्ता त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून कापला जातो. पैसे घरच्यांच्या गरजेसाठी, पोरांच्या शिक्षणासाठी, वकिलासाठी.

बँक कुणाला कर्ज देते आहे बघा. ज्याच्याकडे जमिनीचा उतारा नाही, ज्याला बाहेर पडता येत नाही अशा माणसाला. कशाच्या भरवशावर? रोज काम करतो आणि मजुरी खात्यावर येते, एवढ्याच.

आणि आपण? पाटीवर हिशेब मांडा. १० हजार रुपये कर्ज, दहा महिन्यांत फेड, महिन्याला हजार मुद्दल, शिल्लक रकमेवर व्याज. दहा महिन्यांच्या शिलकेची बेरीज होते ५५,०००. आपला गट शेकडा दोन रुपये महिना घेत असेल तर एकूण व्याज १,१०० रुपये. शेकडा एक असेल तर ५५०. आणि वर्षाला ७ टक्क्यांनी साधारण ३२१ रुपये.

म्हणजे येरवड्यातल्या बंद्याला पडतं त्याच्या तिप्पटीहून जास्त व्याज आपण आपल्याच मैत्रिणीकडून घेतो. ते आपल्याकडेच परत येतं, नफा म्हणून वाटला जातो, हे खरं आहे. तरी एकदा हा आकडा बैठकीत मोठ्यानं वाचा. माझ्या मते व्याजदर कमी करावा की नाही ही वेगळी चर्चा, पण बाहेरून आलेल्या बाईला जास्त व्याज लावू नका. एका गटात असं सुचवलेलं मी ऐकलं आहे, "जोखीम आहे म्हणून". जोखीम असेल तर रक्कम लहान ठेवा. दर सगळ्यांना एक.

बाहेर आल्यावरचे पहिले महिने

सुटून आलेल्या माणसाला पहिला त्रास पोटाचा नसतो, कागदाचा असतो. रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं असतं, नाहीतर केवायसी झालेली नसते. बँकेचं खातं दोन वर्षं व्यवहार नसल्यानं झोपलेलं असतं. आधारला जोडलेला मोबाईल नंबर केव्हाच बंद झालेला असतो, म्हणून ओटीपी येत नाही, म्हणून काहीच होत नाही. ही कामं आपली सीआरपी ताई दर आठवड्याला कुणाची ना कुणाची करतेच. एक दिवस हिच्याबरोबर तहसीलला आणि बँकेत गेली तर महिन्याचं काम दोन दिवसांत होतं. सोबत कुणी असलं की खिडकीवरचा माणूसही जरा नीट बोलतो, हे मी काही नवीन सांगत नाही.

मतदानाबद्दल एक चुकीची समजूत आहे. तुरुंगात असताना मत देता येत नाही हे खरं. पण सुटल्यावर यादीत नाव असेल तर मत देता येतं. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही.

वकील. कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारकडून मोफत वकील मिळतो. तुरुंगात असलेल्या कुठल्याही माणसाला, बाई असो वा पुरुष, मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात हे लिहिलेलं आहे. शिरूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० या नंबरला फोन. मी हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी सांगतं की आम्ही दागिने मोडून वकील केला.

ज्यांच्या घरचं माणूस कच्च्या कैदेत अडकून आहे त्यांनी दोन गोष्टी त्या वकिलाला विचारा. एक, जामीन मंजूर झाला पण भरायला पैसे नाहीत म्हणून आत असेल, तर केंद्र सरकारची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची मदत योजना आहे. २०२३ च्या नियमांत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, आणि शिक्षा झालेल्याचा दंड भरण्यासाठी २५ हजारांपर्यंत अशी मर्यादा होती. जिल्ह्याची समिती ते ठरवते. दुसरं, १ जुलै २०२४ पासून नवा फौजदारी कायदा लागू झाला. त्याच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आतच काढला असेल तर त्याला सोडण्याचा विचार कोर्टानं करायचा आहे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही. एकापेक्षा जास्त खटले असतील तरीही नाही.

पोरांसाठी बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील तुरुंगात असल्यानं ज्यांना सांभाळणारं माणूस राहिलं नाही अशा मुलांसाठीही त्यात अर्ज करता येतो. महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षातून बालकल्याण समितीकडे जातो. अंगणवाडी ताईला विचारा, तिला कागद माहीत असतात. त्या मुलीची शाळा सुटली तेव्हा गटातल्या आम्हा कुणालाच हे सुचलं नव्हतं, आणि अंगणवाडी ताई स्वतः त्याच गटात होत्या.

सुटलेल्या बंद्यांना धंद्यासाठी अर्थसाहाय्याची योजना महिला व बालविकास विभागाकडे आहे. जिल्ह्याच्या कार्यालयात परिविक्षा अधिकारी असतात. सुटकेचा कागद घेऊन त्यांना भेटायचं, उशीर करायचा नाही. आणि ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो, तो अशाच घरांसाठी आहे. आजारपण, उपासमार, पोराची शाळा. तो निधी खात्यावर पडून ठेवल्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही.

नोकरीचं काय?

आपल्या आजूबाजूला कारखाने कमी नाहीत. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, पलीकडे चाकण. पण ठेकेदार आधी पोलीस पडताळणी मागतो. इथं बहुतेक जण खोटं बोलतात किंवा अर्जच करत नाहीत. दोन्ही नुकसानीचं आहे.

सरकारी नोकरीच्या अर्जात "तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का" असा प्रश्न असेल तर खरं लिहा, निर्दोष सुटला असाल तरी लिहा आणि निकालाची प्रत जोडा. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंह यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. लपवलेलं नंतर उघड झालं तर त्या लपवण्यावरूनच नोकरी जाऊ शकते. किरकोळ प्रकरण असेल, कोवळ्या वयातलं असेल, तर साहेबानं सबुरीनं विचार करावा असंही त्याच निकालात आहे.

कोर्टानं शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं असेल, म्हणजे १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली, तर त्या दोषाची अपात्रता चिकटत नाही. आणि अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातून काही घडलं असेल तर २०१५ चा बाल न्याय कायदा त्याच्या बाजूनं आहे. त्याचा डाग नोकरीला लागू नये आणि कागदपत्रं पुढे नष्ट करावीत असं तो कायदा सांगतो. सोळा वर्षांवरच्या मुलाचा अतिगंभीर गुन्ह्याचा खटला मोठ्यांप्रमाणे चालला असेल तर मात्र तसं नाही. ज्या आयांची पोरं मारामारीत, गाड्यांच्या नादात पकडली गेली आहेत त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

खासगी ठेकेदाराला मात्र अमुकच माणूस घे असं कुणी सांगू शकत नाही. तिथं ओळखच उपयोगी पडते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि सुटलेल्या लोकांसाठी काम करतो. त्यांची एक पद्धत मला पटते. सुटलेल्या माणसाला काही महिने एखाद्या संस्थेत कामाला लावतात, विद्यावेतन देतात. तेवढ्यात कामाची सवय परत लागते, आणि हा माणूस वेळेवर येतो, नीट काम करतो असं सांगणारं कुणीतरी तयार होतं.

आपल्याजवळ तर पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला, तो शाळा सुटलेल्या पोरांसाठीच. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, खाद्यपदार्थ प्रक्रिया, हातानं काम करत करत शिकवतात. तिथं मार्कशीटपेक्षा हात बघतात. बाप आत असल्यानं शाळा सोडलेला मुलगा घरात असेल तर त्याला एक दिवस नुसतं बघायला न्या. ज्यांना छोटा धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी जिल्ह्यातली आरसेटी आहे, प्रशिक्षण आणि राहणं-जेवण मोफत. आणि ज्यांची दहावी-बारावी राहिली त्यांच्यासाठी बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म.

बायकांच्या शंका

बँकवाले काय म्हणतील, ही पहिली शंका. गटाचं खातं काढताना बँक पदाधिकाऱ्यांची केवायसी घेते. सभासदाच्या चारित्र्याचा दाखला बचत गटाला मागितलेला मी आजवर पाहिलेला नाही. आपल्या दशसूत्रीतही तसं काही नाही.

दुसरी शंका खरी अवघड आहे. जिच्या घरच्यांना त्या बाईमुळे इजा झाली ती पण त्याच गटात असेल तर? तिला आपण सांगायचं का, की झालं गेलं विसर? नाही. ते सांगण्याचा अधिकार गटाला नाही. अशा वेळी दुसऱ्या गटात घ्या, ग्रामसंघानं तशी सोय करावी. सुटून आलेल्या बाईचाही बचतीचा हक्क राहतो आणि दुसरीला दर आठवड्याला तिच्यासमोर बसावं लागत नाही.

तिसरी, पैशाच्या अफरातफरीची केस असेल तर? सभासद करा, सहीदार करू नका, निदान काही वर्षं. काही जणींना हे अन्यायाचं वाटेल. मला वाटत नाही. पण भांडणाच्या केसमधल्या बाईला कोषाध्यक्ष होता येणार नाही असं म्हणणं मला पटत नाही, कारण त्याचा पैशाशी संबंध नाही.

आणि एक शंका अशी, जी कुणी मोठ्यानं बोलत नाही : "त्यांची जातच तशी." आपल्या तालुक्यात पारधी वस्त्या आहेत. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. येरवड्याचा तुरुंग झाला तेच साल. त्यांना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये राहावं लागे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. तरी अजून कुठं चोरी झाली की आधी कुणाच्या पालावर जातात ते तुम्हाला माहीत आहे. कधी तुरुंग न पाहिलेल्या बाईलाही ही नजर सोसावी लागते. त्या वस्तीवरच्या किती बायका आपल्या गटांत आहेत, हे प्रत्येक ग्रामसंघानं मोजावं.

त्या गटानं काय केलं

दुसऱ्या दिवशी ती आली. अध्यक्षताईंनी आधी तिच्या हातात ३,४०० रुपये आणि वाट्याचं व्याज ठेवलं, आणि म्हणाल्या, "हे तुझं राहिलं होतं. चुकलं आमचं." ती बराच वेळ पैसे मोजत बसली. मग त्यातलेच शंभर रुपये काढून बचत म्हणून दिले.

दोन बायका त्या बैठकीनंतर गट सोडून गेल्या. एक परत आली, एक नाही आली. नियम सगळ्यांना असतो तोच लावला, सहा महिने नियमित बचत आणि मग कर्ज. मोटरच्या शिलाई मशीनसाठी तिला १० हजार दिले. येरवड्यात ती शिवणकाम शिकली होती, ब्लाऊज चांगला बेतते. पहिले दोन महिने कुणी कापड टाकलं नाही. मग मावशींनी नातीच्या शाळेचा ड्रेस टाकला. पावसाळ्यात एक हप्ता चुकला, पुढच्या महिन्यात दंडासह भरला. सध्या सहावा हप्ता झाला आहे. मुलीनं बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरला. फॉर्मचे पैसे ग्रामसंघाच्या निधीतून दिले, त्यावरूनही वाद झालाच.

त्या बैठकीतला ठराव प्रोसिडिंगमधून खाली देते. तुमच्याकडे अशी वेळ आली तर शब्द बदलून वापरा.

"ठराव : गटातील कोणतीही सभासद किंवा तिच्या घरचे माणूस पोलीस केसमध्ये किंवा तुरुंगात असेल, तर केवळ त्या कारणाने तिचे नाव कमी केले जाणार नाही. ती हजर राहू शकत नसेल त्या काळात तिची जमा बचत तिच्या नावावर वेगळी दाखवली जाईल, आणि तिने सांगितलेल्या माणसाला मागणीप्रमाणे दिली जाईल. तिच्या मुलांची शाळा सुरू आहे की नाही हे दर तीन महिन्यांनी एक सभासद घरी जाऊन पाहील आणि बैठकीत सांगेल. परत आल्यावर तिला बचत आणि कर्जाचे सर्व नियम इतरांप्रमाणेच लागू राहतील. सूचक, अनुमोदक यांच्या सह्या. ठराव बहुमताने मंजूर."

पुढच्या बैठकीत आपापली जुनी रजिस्टरं काढा. ज्यांची नावं खोडली आहेत त्यांच्यापुढे किती रक्कम शिल्लक आहे ते बघा, आणि आकडा ग्रामसंघाच्या लिपिकेकडे लिहून पाठवा.